महानंदाच्या रक्तातलं दुसरं शिखर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. खरं तर माणसांवरही फारसा नाही... भाजीवाल्याचा तराजू आधी रिकामा बघून घेणारी बाई आहे मी. म्हणूनच हे लिहिताना मला कसंसंच होतंय.

नांदेडच्या एका लॅबमध्ये मी आणि माझी मैत्रीण, उदगीरची महानंदा, पीएचडी करतो. रक्तातलं एक प्रोटीन मोजायचं. त्यासाठी त्याच प्रोटीनचा छोटा तुकडा — पेप्टाइड — मुद्दाम जड अणू घालून बनवलेला विकत मिळतो. तो मापाने रक्तात मिसळला की मशीनच्या स्क्रीनवर दोन शिखरं दिसतात. हलकं माणसाचं, जड आपण घातलेलं. दोन्ही ताडून पाहिली की प्रोटीन किती ते कळतं. जड शिखर तो तुकडा घातल्याशिवाय येत नाही. कुणाच्याच अंगात ते नसतं.

खंडेनवमीला आम्ही मशीनची पूजा केली. महानंदाने हौसेने जड पेप्टाइडची कुपीही पाटावर मांडली, मशीनला विभूतीची बोटं ओढली. सण झाल्यावर मशीन नीट चालतंय का बघायला तिच्याच रक्ताचा नमुना लावला, काहीही न मिसळता. तर दोन शिखरं.

मला संशय आला तो तिचाच. कुपी गळली असेल, बोटाला लागलं असेल, तेच बोट सगळीकडे... आमचे गाईड सर म्हणाले, "असं असंल तर हिचे सगळे नमुने फेकावे लागतील." म्हणजे पोरीची दोन वर्षं पाण्यात.

"म्या कुपीचं बूचबी काढलं न्हाई," महानंदा म्हणाली. "माझं रगत तूच तपास. मी आत येतच न्हाई."

दवाखान्यात आम्हा दोघींचं रक्त काढून घेतलं. नव्या नळ्या, नवी खोकी, कुपी माझ्या कपाटात कुलपात. आधी नुसतं पाणी चालवलं — स्वच्छ. मग माझं रक्त — एकच शिखर. मग तिचं.

दोन. सारखीच उंच.

ती दारातून म्हणाली, "आता तरी पटलं का?" पटलं. आणि खरं सांगते, मला तिची भीती वाटली.

सरांना मी सांगितलं, हिचा हात स्वच्छ आहे. ते म्हणाले, "मग काय लिहू, हिच्या अंगातच हाय म्हणून?" नमुने गेलेच. मशीनवाल्या इंजिनिअरने सगळं तपासलं, त्यालाही काही सापडलं नाही. मला तर आजही काही कळलेलं नाही.

महानंदा आता पहिल्यापासून नमुने गोळा करतेय. दुपारी डबा उघडून शेंगांची चटणी माझ्यापुढे करायची, "खा की" म्हणायची. मी रोज पोट भरलंय म्हणायचे.

काल तिने डबा उचलला आणि बाहेर पायरीवर जाऊन एकटीच जेवली.