ताराराणी भवनातले माझे बूट

आता काय सांगू तुम्हाला, बीडच्या त्या ताराराणी भवनात जो नवा नियम झालाय ना, त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फोडा!

पोरीच्या कॉलेजसाठी तहसीलदार साहेबांच्या सहीचा उत्पन्नाचा दाखला हवा होता, त्यांची कचेरी याच भवनात. चौसाळ्याहून एसटीनं गेलो आणि भवनाच्या पायरीवरच चपलेचा अंगठा तुटला. फरफटत साहेबापुढं कसं जायचं? दोन्ही चपला भिंतीशी सारल्या आणि निघालो अनवाणी.

दारातच महाराणी ताराराणींची हार घातलेली तसबीर. तिथं शिपायानं हटकलं, "काका, चपला कावून काढल्या?"

तुटक्या चपलेचं सांगायची लाज वाटली हो! छाती फुगवून म्हणालो, "मोगलांना घाम फोडणारी बाई हाय ती! तिच्या दारात चपला घालून जावं का माणसानं?"

झालं! शिपायानं लगोलग बूट काढले. मागच्या रांगेनं चपला काढल्या. गलका ऐकून साहेब बाहेर आले, त्यांनीही बूट काढले. फाटक्या मोज्यातून बोट डोकावत होतं, पण चेहरा कसा भक्तीनं ओथंबलेला!

"काका, डोळे उघडलेत आमचे. शुक्रवारी या, दाखला तयार ठेवतो."

घरी बायकोला खरं ते सांगितलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आता तरी पायात धड कायतरी घ्या!" घेतले, नवेकोरे लेसचे बूट.

शुक्रवार उजाडला, अन् शनिवारी प्रवेशाचा शेवटचा दिवस. पोचतो तर साहेबांची मीटिंगला निघायची घाई, जीप चालू करून ठेवलेली. मी आत धावलो, तर शिपाई आडवा!

"बूट काढा काका. पाटी लावलीय, वाचा की."

'पादत्राणे बाहेर काढावीत.'

लेसची गाठ काही केल्या सुटेना. तिकडं जीप घुरघुरतेय, इकडं पोरीचं वर्ष जायची वेळ! वाकल्या वाकल्याच ओरडलो, "कोण्या येड्यानं काढला बे हा नियम?"

"तुम्हीच की, काका!"

साहेब! अनवाणी, स्वतःचे बूट हातात. मी वाकलेलोच होतो, त्यांनी माझ्या पाठीवर दाखला ठेवून सही ठोकली. "आतून शिक्का घ्या," म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

गाठ सुटली एकदाची. शिक्का घेऊन बाहेर आलो, तर चपलांच्या ढिगातून माझे बूट गायब!

घरी पोचलो. पोरगी दाखला बघून नाचायला लागली. बायकोनं मात्र आधी माझ्या पायांकडं पाहिलं.

"काय वं, आज बी महाराणींचा मान राखला वाटतं?"