जेवणाच्या टेबलावरचा देवाचा तह

चाळिशी उलटल्यावर शहाणी माणसं साखर सांभाळतात. मी मध्ययुगीन फ्रान्सची शांतता सांभाळायला घेतली. तीही कतारमध्ये, दोह्यात, दिवसभर इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात फायली लावून झाल्यावर. मुंबईहून पत्राद्वारे एम. ए. चाललं होतं. प्रबंधाचा विषय होता हजारेक वर्षांपूर्वीचे बिशप. सरदारांच्या मारामाऱ्या थांबवायला ते माळावर सभा भरवत, संतांच्या अस्थी आणून त्यांवर सरदारांना शपथा घ्यायला लावत, आणि जमलेली साधी माणसं हात वर करून ‘शांती, शांती’ ओरडत. पुढे तर ‘देवाचा तह’ निघाला: बुधवारच्या संध्याकाळपासून सोमवारच्या सकाळपर्यंत हत्यार उचलायचं नाही.

आता ती साधी माणसं एवढी जीव तोडून का ओरडायची, हे प्रकरण काही केल्या मला लिहिता येत नव्हतं.

अल नस्र भागातला फ्लॅट आम्हा दोघा भावांचा मिळून होता. दोन संसार, दोघांना एकेक लेक, एक स्वयंपाकघर, एक जेवणाचं टेबल. टेबलावर माझ्या झेरॉक्सचे गठ्ठे. आमचा रविवार तिथे शुक्रवारी यायचा, आणि चर्चमधल्या मिस्साहून परतताना वसईकडची चार माणसं जेवायला आणायची दादाला हौस. ती बिचारी मांडीवर ताटं घेऊन जेवायची.

“हे हलव,” दादा म्हणायचा.

“संदर्भ विस्कटतील.”

“रस्सा सांडला की चिकटतील पुन्हा.”

एका शुक्रवारी त्याने गठ्ठे उचलून वॉशिंग मशिनवर ठेवले. मशिन पिळायला लागलं आणि अख्खं अकरावं शतक मागच्या ओल्या फरशीवर. मी नको ते बोललो. त्याने त्याहून नको ते ऐकवलं. मग दोन आठवडे अबोला. नवऱ्यांचा अबोला म्हणजे बायकांनीही तो पाळायचा, असं आम्ही न सांगता ठरवून टाकलेलं. एका शेगडीवर डाळीची दोन पातेली शिजू लागली.

मग वहिनीकडून कळलं, दादाने शहराबाहेर अल वक्र्याला फ्लॅट बघितलाय. सोमवारी संध्याकाळी करारावर सही.

मला या देशात दादानेच आणलं होतं, आणि त्याच्याशिवाय मी इथे एक दिवस काढला नव्हता. “जाऊ नकोस” एवढे दोन शब्द पुरले असते. पण मी पडलो अभ्यासक. बुधवारी संध्याकाळी सगळ्यांना टेबलाभोवती बोलावून मी देवाचा तह जाहीर केला. अस्थी नव्हत्या, म्हणून आईने वसईहून पाठवलेलं सुकेळ्यांचं, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचं, पाकीट मधे ठेवलं आणि त्यावर सगळ्यांचे हात ठेवून घेतले.

“डॅडी, इज धिस फॉर युअर प्रोजेक्ट?” लेकीने विचारलं.

दादाने दोन आठवड्यांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे बघितलं. “सोमवारी सकाळी तह संपतो ना? बरं झालं. संध्याकाळी सही आहेच.”

याचा मी विचारच केला नव्हता.

पुढचे दिवस घरात भयंकर सभ्यता नांदली. सोमवारी उठलो तर टेबल रिकामं. गठ्ठे गायब. दोघी जावा समोरासमोर बसून एकाच पातेल्यातला चहा पीत होत्या, आणि आईचं पाकीट अर्धं संपलेलं.

“भाऊजी, उजाडलं. तह संपला ना?” वहिनी म्हणाली. “आता आम्ही भांडणार. बसा. आणि अहो, तुम्हीही बसा.”

दादा बसला.

“टेबलाचं भांडण तुमचं,” माझी बायको म्हणाली, “मग डाळी दोन का? ताईंशी बोलायला मला, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून, बाथरूमचा नळ सोडून ठेवावा लागतो.”

“आणि वक्र्याला मी काय भिंतींशी बोलू?” वहिनी.

“पण मी तर मध्यस्थी करत होतो,” मी म्हणालो. “बिशपसारखी.”

“तुम्ही कसले बिशप!” बायको हसली. “तुम्ही दोघं ते घोड्यावरचे सरदार. तुडवलं जातं ते आमचं शेत.”

एवढं बोलून दोघींनी हात वर केले. शाळेच्या गणवेशातल्या दोन्ही पोरींनीही केले आणि “पीस! पीस!” असा गलका सुरू केला.

माझ्याने राहवलं नाही. “दादा, जाऊ नकोस.”

त्याने स्वतःला चहा ओतून घेतला. “टेबल?”

“दिलं.”

“मग खलास. हात खाली घ्या ग, यल्ला, चला, मला ड्युटी आहे.” संध्याकाळी तो वक्र्याला गेलाच नाही.

अडलेलं प्रकरण मी आठवड्याभरात लिहिलं, इस्त्रीच्या टेबलावर. शुक्रवारी संध्याकाळी गणवेश आले की मध्ययुग पलंगाखाली जायचं. मार्गदर्शकांनी समासात लिहून पाठवलं: ‘सामान्यांच्या पाठिंब्याबद्दलचं विवेचन उत्तम, परंतु आधार कोणता?’

वहिनीने ते वाचलं आणि डाळीचं पातेलं दाखवलं. एकच होतं.