कुलूप लावलेला गोठा

किस्स्यांचं कांदाचाळीतल्या कांद्यासारखं असतं. वरचा एक उचलायला जावं तर खालचे दहा घरंगळत पायाशी येतात. परवा नगरला सलीम भेटला. चहा सांगितला आणि तो नुसतं "तात्या..." एवढंच म्हणाला. त्यानंतर आमचा चहा दोनदा गार झाला.

आमचं ऑफिस राहुरीत, बियाणांच्या दुकानाच्या माडीवर होतं. माणसं तीन. सर्व्हर सांभाळणारा सलीम, वेबसाइटची पानं तयार करणारा मी, आणि लोकांचे फोन घेणाऱ्या व आम्हा दोघांना वळण लावणाऱ्या वंदनाताई. कामं कुठली, तर एखादी रोपवाटिका, एखादं मंगल कार्यालय. चौथे तात्या. ते ऑफिसचे कोणीच नव्हते, पण सगळ्यात चांगली खुर्ची त्यांचीच होती.

तात्या म्हणजे रिटायर झालेले जनावरांचे डॉक्टर. अकोले तालुक्याच्या डोंगरापासून पारनेरच्या माळापर्यंत त्यांनी नोकरी केलेली. घर मागच्याच गल्लीत, म्हणून पेपर वाचायला वर यायचे आणि संध्याकाळीच उतरायचे. तात्या आता नाहीत. हे लिहितानासुद्धा कसंतरी होतं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

*

रिटायर झाले तरी लोक तात्यांना फोन करून विचारायचेच. गाय चारा खात नाही, शेळी लंगडते, म्हैस माजावर येत नाही. मग तात्यांचे कान गेले. यंत्र लावून समोरासमोरचं थोडं कळायचं, फोनवरचं काहीच नाही.

वंदनाताई म्हणाल्या, "मी ऐकते आणि तुम्हाला लिहून देते."

तात्या म्हणाले, "मधला माणूस नको. दुखणं एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं की बदलतं."

अंदाजाने औषध सांगणारा हा डॉक्टर नव्हता. त्यांनी फोन बंद करून कपाटात ठेवला. त्यानंतर रोज पेपर उघडून बसायचे, पण पान उलटायचे नाहीत. आम्हाला ते बघवेना.

सलीमने मोबाईलवर एक ग्रुप काढून दिला. दोन दिवसांत त्यात फुलं, देव आणि सुविचार यांचा एवढा ढीग झाला, की त्याखाली म्हशीचा ताप सापडेना. तात्यांनी प्रत्येक सुविचाराला "जनावराला काय होतंय?" असं उत्तर दिलं. लोकांना राग आला.

मग आम्ही स्वतःच एक चॅट बनवलं. ॲप नाही, काही नाही. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा, नाव आणि गाव लिहायचं, की थेट तात्यांशी लिहून बोलणं सुरू. नाव ठेवलं 'गोठा'. सर्व्हर म्हणजे ऑफिसच्या कोपऱ्यातला एक जुना कॉम्प्युटर.

तात्या एका बोटाने टाइप करायचे. पण त्या बोटाची चाळीस गावांतली जनावरं वाट बघत उभी आहेत असा त्यांचा चेहरा असायचा.

*

सगळं छान चाललं होतं. आणि एक दिवस ब्राउझरवाल्यांनी आमच्या पत्त्याशेजारी 'असुरक्षित' असं लिहायला सुरुवात केली.

पारनेरकडच्या एका माणसाचा वंदनाताईंना फोन आला. "ताई, तात्यांचा गोठा असुरक्षित हाय म्हनतंय. बिबट्या फिरतोय का काय तिकडं?"

आमच्याकडे असुरक्षित गोठ्याचा दुसरा अर्थच नाही. वंदनाताईंनी बिबट्या नाही हे पटवून दिलं. तो म्हणाला, "न्हाई ना? मग तरी दार लावून घ्या म्हनावं."

*

दार लावायचं, म्हणजे जोडणीला कुलूप लावायचं. दोन्ही टोकांच्या मधे कुणाला मजकूर वाचता येऊ नये अशी व्यवस्था. सलीमने तात्यांना मोठ्या आवाजात, हातवारे करून समजावलं. "आत्ता आपण दूध उघड्या घागरीतून पाठवतोय. वाटेत कुणीही डोकावावं, कुणीही पाणी घालावं. आता कॅनला सील लावायचं."

तात्या म्हणाले, "म्हशीला हगवण लागली, यात लपवायचं काय?"

वंदनाताई शेतकऱ्याच्या घरातल्या. त्या म्हणाल्या, "तात्या, गाय दोनदा उलटली, गाभण राहिली नाही, हे शेजाऱ्याला कळलं, की बाजारात तिच्या दाव्याला कुणी हात लावत नाही."

तात्या सलीमकडे वळले. मग म्हणाले, "लाव कुलूप."

पण त्यासाठी सर्टिफिकेट लागतं. हे ठिकाण खरोखर आपलंच आहे अशी खात्री बाहेरची एक संस्था करून देते, हे ऐकल्यावर मात्र त्यांचा पारा चढला. "मला ओळखायला बाहेरची संस्था? अरे, अर्ध्या जिल्ह्यातली जनावरं मला वासावरून ओळखतात."

सलीम म्हणाला, "तात्या, त्या संस्थेला नाक नाही."

*

कुलूप लागलं. पत्त्याशेजारी छोटंसं चिन्ह दिसायला लागलं. वंदनाताईंनी पेढे आणले.

त्या दिवशी गोठ्यात एकही प्रश्न आला नाही. तात्या सकाळपासून पडद्यासमोर बसून. दुपारी उठले, खाली बियाणांच्या दुकानात गेले आणि मालकाला कौतुकाने म्हणाले, "आज पंचक्रोशीत एक जनावर आजारी नाही. नोकरीत असा दिवस मी पाहिला नव्हता."

दुकानदार वर येऊन आम्हाला पेढा मागायला लागला, तेव्हा सलीमला शंका आली. झालं होतं असं, की पानाला कुलूप लागलं होतं, पण चॅटचे निरोप जायची वाट वेगळी असते, ती उघडीच राहिलेली. पुढच्या दाराला कुलूप आणि मागची खिडकी उघडी, हे ब्राउझरला चालत नाही. त्याने खिडकीच बंद करून टाकली होती. लोक बिचारे लिहीत होते आणि एकही अक्षर पोचत नव्हतं.

सलीमने तीही वाट कुलपात घेतली. घेतल्याबरोबर प्रश्न धडाधड यायला लागले. हगवण, ताप, खुरी, तोंडातून लाळ.

आम्हाला वाटलं तात्या हिरमुसतील. ते खुर्ची पुढे ओढत म्हणाले, "आहेत रे आजारी!" एवढा आनंदी माणूस मी त्या वर्षात दुसरा पाहिला नाही.

*

सर्टिफिकेट दर तीन महिन्यांनी नवं करावं लागतं. सलीमने ते काम कॉम्प्युटरलाच लावून दिलं होतं, आपोआप व्हायचं. पण सलीम म्हणजे एसटी सुटल्यावर पळत चढणारा माणूस. त्याने नूतनीकरण बरोबर शेवटच्या दिवसावर ठेवलं होतं. आणि तो शेवटचा दिवस आला पोळ्याला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही निघालो, तेव्हा तात्या ओल्या फडक्याने सर्व्हर पुसत होते. आम्हाला वाटलं धूळ असेल. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात, तशी ती खांदेमळणी होती! पुसून झाल्यावर त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी. तात्यांकडे किल्ली असायचीच. ते वर आले, मेन स्विच खाली केला, सर्व्हरला गेरूचे ठिपके लावले, बाशिंग बांधलं आणि पुरणपोळीचा नैवेद्य ठेवला. दिवसभर त्यांनी त्याला चालू होऊ दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सलीमने कॉम्प्युटर चालू केला. कॉम्प्युटर उठला, सर्टिफिकेट रात्रीच संपलेलं. गोठ्याचं पान उघडणाऱ्या प्रत्येकाला लालभडक इशारा दिसत होता, की इथे तुमची माहिती चोरली जाऊ शकते.

सलीम डोक्याला हात लावून म्हणाला, "तात्या, हे काय केलंत?"

तात्यांना खरंच कळेना. "अरे, रात्रंदिवस राबतंय ते. बैलाला वर्षातून एक दिवस देतो आपण. याला नको?"

सलीमने बाशिंग न काढताच सर्टिफिकेट नवं केलं.

*

लाल पान तासाभरात गेलं. पण दूध संकलन केंद्रांवर बातमी पोचली होती, की तात्यांच्या गोठ्यात चोर शिरलेत. एकदा सांडलेलं दूध काही परत कॅनमध्ये जात नाही. प्रश्न बंद झाले. या वेळी खिडकी उघडी होती, वाट मोकळी होती, पण माणूसच येईना.

वंदनाताई गावोगाव फोन करत होत्या. लोक "व्हय व्हय" म्हणायचे आणि यायचे नाहीत.

बुधवारी संध्याकाळी तात्यांनी आपली औषधांची जुनी बॅग वर आणून टेबलावर ठेवली. म्हणाले, "उद्याच्या बाजारापर्यंत बसतो. कुणी आलं नाही तर हे बंद करा. बॅग सरकारी दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरला देऊ. माझ्याच हातानं दार लागलंय, तुमचा दोष नाही."

सलीम खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी स्क्रू ड्रायव्हर शोधत राहिलो, ज्याची मला काहीच गरज नव्हती. या माणसाचं डॉक्टर असणं उद्या संध्याकाळी संपणार होतं आणि आम्हाला काही सुचत नव्हतं.

*

आता जो किस्सा परवा सलीमने सांगितला आणि मी पुन्हा ऐकला, तो सांगतो.

गुरुवारी दुपारी, बाजार ऐन भरात असताना, गोठ्यात एक नाव दिसलं. मंगल, अंगणवाडी सेविका, अकोल्याच्या वरच्या अंगाची एक वाडी. तिने लिहिलं होतं, "लाल पान आलं न्हाई आज. कुलूप दिसतंय. लिहू का?"

तात्यांनी लिहिलं, "लिही."

"शेवंताबाईची डांगी गाय अडलीय. पहिलारू हाय. तालुक्याचे डॉक्टर लांबच्या वस्तीवर गेल्यात. पन शेवंताबाई इचारतेय, कुनाला कळनार न्हाई ना? गाय इकायची बोली झालीय."

तात्यांनी एका बोटाने सावकाश लिहिलं, "कुणालाही कळणार नाही. माझा शब्द. काय दिसतं?"

"एक पाय आन् नाक. दुसरा पाय न्हाई."

तात्या खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. दुसरा पाय आत दुमडलेला होता. तो सरळ केल्याशिवाय वासरू येणार नव्हतं, आणि ओढाताण केली तर दोन्ही जीव जाणार होते. त्यांनी लिहायला सुरुवात केली. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. गोडेतेल लावा. कळ थांबली की वासरू हलकेच मागे सारा. आतल्या पायाचा खूर तळहातात झाका, पिशवीला लागू देऊ नका, मग पाय पुढे घ्या.

उत्तर आलं, "एवढं कसं सांगू? रेंज फक्त वर मंदिरापाशी हाय. गोठा खाली वगळीला, वढ्याकाठी. थांबा."

आणि मंगलचं लिहिणं थांबलं. तात्या मात्र लिहीतच राहिले. "दोर बांधू नका." "धोंडिबाला बाजूला करा, त्याला ओढायची घाई आहे." धोंडिबा म्हणजे शेवंताबाईचा नवरा, तात्या त्याला जुने ओळखत होते. "त्याला म्हणावं बायकोवर खेकसू नकोस, गाय घाबरते." "कळ आली की ओढा, खालच्या अंगाला. कळ गेली की सोडा."

उत्तर नाही. प्रत्येक ओळीखाली 'वाचलं' एवढं फक्त उमटत होतं. खाली बाजाराचा गलका, वर आम्ही चौघं त्या पडद्याकडे बघत.

शेवटी वंदनाताईंना राहवलं नाही. त्यांनी मंगलचा नंबर लावला. फोन उचलला गेला, पण बोललं कुणी नाही. नुसता मोठा घुमणारा आवाज आला. वंदनाताईंनी फोन स्पीकरवर टाकला.

मंगलने मंदिराचा भोंगा चालू केला होता. एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात माइक धरून ती तात्यांची एकेक ओळ वाचत होती, आणि ती ओळ डोंगराला आपटून परत येत होती.

"कळ आली की वढा... खालच्या अंगाला... कळ गेली की सोडा... धोंडिबा, तुमी बाजूला व्हा... धोंडिबा, बायकूवर खेकसू नका, गाय भेतीय..."

सलीमने माझ्याकडे बघितलं. मी वंदनाताईंकडे. तात्यांना गलबला जाणवला असावा. ते पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "कोण ओरडतंय एवढं?"

वंदनाताई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तुम्हीच, तात्या."

त्यांना ते ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक. कारण तेवढ्यात फोनमधून अख्ख्या वाडीचा कल्लोळ आला आणि पाठोपाठ पडद्यावर अक्षरं उमटली. "कालवड झाली. गाय चाटतीय तिला."

तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला. टेबलावरची बॅग उचलून खुर्चीखाली सरकवली. भोंगा अजून चालूच होता, शेवंताबाईची गाय सुखरूप व्याल्याची बातमी आजूबाजूच्या वाड्यांना नावानिशी देत होता.

तात्यांनी सलीमला खुणेने जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "सलीम, कुलूप लागलेलं होतं ना रे?"

सलीमने पत्त्याशेजारच्या चिन्हाकडे नीट बघितलं.

"पक्कं लागलेलं होतं, तात्या."

"मग बरं."