पाखरांची आणेवारी

तमाम वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, उदगीरहून सुटून जळकोटच्या अंगाने डोंगरवाडीला संपणारी एसटी एकदा भर उन्हात, माणसांनी गच्च भरलेली असताना, रस्त्यातच उभी करण्यात आली होती. टायर फुटला नव्हता, म्हैस आडवी आली नव्हती, मोर्चाही नव्हता. कंडक्टरला एका फुलपाखराच्या पंखांची खालची बाजू बघायची होती. ते बाभळीवर बसलं होतं आणि पंख मिटायला तयार नव्हतं. कंडक्टर त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभा राहिला. गाडीत कोंबड्या, करडं, एक नवं लग्न झालेलं जोडपं आणि मी. ड्रायव्हर शेखचाचांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि कुणालाच उद्देशून नव्हे असं विचारलं, “इसकू कंडक्टर किन्ने बनाया रे?” अखेर फुलपाखरानं पंख मिटले, कंडक्टरनं समाधानानं मान डोलावली आणि डबल बेल दिली. या प्रकाराची चौकशी आजतागायत झालेली नाही. म्हणून ती मीच करायला बसले आहे.

मी तेव्हा डोंगरवाडीच्या उपकेंद्रात नव्यानं लागलेली नर्स होते आणि रोज याच गाडीनं ये-जा करायची. सगळे त्याला ‘पाखरू कंडक्टर’ म्हणत, तोंडावरसुद्धा. त्याला राग यायचा नाही. राग यायचा तो ‘नुसता कंडक्टर’ म्हटल्यावर. औशाकडच्या बौद्ध कुटुंबातला, वडील दुसऱ्याच्या शेतात राबलेले, आणि घरातला खाकी घालणारा हा पहिलाच. कुणापुढं वाकायचं नाही हे बाळकडू घरातूनच मिळालेलं. डेपोतल्या साहेबापुढंही तो ताठ उभा राहायचा. कंबरेत वाकताना मी त्याला एकाच कामासाठी पाहिलं, पानाखालची अळी बघताना.

त्याच्या गाडीत चढलं की पहिला प्रश्न ‘कुठं जायचं’ असा नसायचा. “काय दिसलं?” असं तो विचारायचा. म्हणजे घरापासून थांब्यापर्यंत येताना कुठलं फुलपाखरू पाहिलंत ते सांगा, मग तिकिटाचं बघू. नवा माणूस गोंधळायचा, जुने लोक थापा मारायचे. शेळ्यांचा एक व्यापारी होता, तो दर बाजारी कबुतराएवढं हिरवंगार पाखरू बघून यायचा. सगळी गाडी त्याचं वर्णन ऐकायला कान टवकारायची. कंडक्टर शांतपणे ऐकून घ्यायचा आणि मग म्हणायचा, “रंग नको मामा, झाड सांगा. कशावर बसलं व्हतं?” मामा सुटे पैसे काढायचे. कंडक्टरचं म्हणणं असं, की रंग कुणीही सांगतो, पण ज्याला झाड सांगता येत नाही त्यानं पाखरू बघितलेलंच नसतं. हे ऐकून ऐकून आम्हा सगळ्यांची खोड अशी झाली, की पाखरू दिसलं की नजर आधी त्याच्या पायाखाली जायची. रुई आहे की कण्हेर, बाभूळ आहे की बोर. मी पेशंटच्या घरी जाताना वाटेत रुईची पानं उलटून बघायला लागले. गावात बोलवा झाली, की नर्सबाई झाडपाल्याचं औषध शिकून राहिली.

ही नसती विद्या त्याला कुठून लागली, याची हकिगत तो दर वेळी वेगळी सांगायचा. त्यातल्या त्यात खरी वाटणारी ही. नांदेडच्या स्टँडवर गाडी खोळंबलेली असताना एका प्राध्यापकांशी त्याची गाठ पडली. ते गावोगावच्या हौशी माणसांकडून फुलपाखरांच्या नोंदी गोळा करत. त्यांनी विचारलं, तुम्ही रोज एकाच रस्त्यानं जाता, मग काय काय दिसतं? याला उत्तर देता आलं नाही, आणि उत्तर देता न येणं हे त्याला बिलकूल सोसायचं नाही. तेव्हापासून तो दर महिन्याला त्यांना कार्ड टाकायचा. पण रोजचा हिशेब सगळ्यांसमोर. गाडीच्या दाराच्या आतल्या पत्र्यावर, ‘धूम्रपान करू नये’च्या बरोबर खाली, तो खडूनं लिहायचा.

प्राध्यापकांकडची नावं त्याला पाठ होती, पण गाडीत चालायची त्याची स्वतःची. एक निळं फुलपाखरू एकाच दगडावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर धावून जायचं, त्याचं नाव ‘मुकादम’. एक वर्षातून एखाद्या वेळी दिसायचं आणि कामाच्या वेळी कधीच नाही, ते ‘तलाठी’. पांढऱ्या पंखांना काळी किनार असलेलं ‘धोतरवालं’. आमच्या गावचे तलाठी एकदा गाडीत चढले आणि पत्र्यावर आपला हुद्दा वाचून भडकले. कंडक्टर म्हणाला, “साहेब, आज दिसलात. लिहून घेतो.”

मग दुष्काळ पडला. पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. विहिरींचे तळ दिसायला लागले, गावात टँकर यायला लागला, आणि अर्धं गाव रोजगार हमीवर खडी फोडायला जायला लागलं. त्या बायांची म्होरकी सोजरबाई. वय झालेलं, हात दगडासारखे, जीभ त्याहून कडक. ती रोज कामावर जाताना मधल्या दोन थांब्यांपुरती गाडीत बसायची आणि कंडक्टरला फाडून खायची. एकदा पत्र्यावरचा खडू बघून म्हणाली, “आमच्या घागरीत पानी न्हाई आन् ह्यो पाखरं मोजून राहिला. लाज हाय का रे बाबा?” गाडी हसली. मला वाटलं, आता हा ओशाळेल. तो म्हणाला, “मावशे, गेलं किती ते मोजायला साहेब येतात, आणेवारी काढतात. राहिलं काय ते कोणी मोजतं का? मी त्याची आणेवारी काढून राहिलो.” दुसऱ्या दिवशी पत्र्यावर खडूनं मोठ्या अक्षरात मथळा होता: ‘पाखरांची आणेवारी’. सोजरबाईला वाचता यायचं नाही. तिनं मला वाचायला लावलं आणि तोंड वाकडं करून खाली उतरली.

राहिलं होतं ते मुख्यतः घळीत. दुपारच्या फेरीला गाडी डोंगरवाडीला पोचली की परत फिरायला वेळ असायचा. शेखचाचा लिंबाखाली टॉवेल पसरून आडवे व्हायचे आणि कंडक्टर गावामागच्या घळीत शिरायचा. सगळा माळ भाजून निघाला होता, पण घळीत वाघाटीच्या वेलींची जाळी हिरवी होती. वाघाटी म्हणजे नखासारख्या काट्यांची वेल. तिची फळं कडू, पण आखाडी एकादशी सोडताना बारशीला ताटात वाघाट्याची भाजी लागतेच. गावाला घळीची आठवण व्हायची ती तेवढीच, वर्षातून एकदा. धोतरवाल्या पाखरांना मात्र रोज. ती अंडी घालतात वाघाटीच्याच कुळात, आणि त्यांच्या अळ्या तिचीच पानं खातात. बाकी सगळं वाळून गेल्यावर त्या भागातली धोतरवाली या एका घळीत येऊन राहिली होती. कंडक्टर मला एकदा घेऊन गेला. काट्यांनी माझी साडी फाटली, आणि वर बघते तो सगळी जाळी उघडझाप करत होती.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा नवा झालेला. नव्या जिल्ह्याला नवे साहेब, नव्या जीप, आणि काहीतरी करून दाखवायची घाई. एका खात्यानं ठरवलं, की डोंगरवाडीच्या घळीतली ‘निरुपयोगी काटेरी झुडपं’ तोडायची आणि तिथं सुबाभूळ लावायची. काम रोजगार हमीवर. म्हणजे तोडणार गाव, मजुरी मिळणार गावाला. यात वाईट काय? गावाला तर वाटलं, घळीची माती मऊ, खडीपेक्षा काम हलकं.

कंडक्टर त्या खात्याच्या साहेबांकडं गेला. साहेब माणूस वाईट नव्हते, त्यांनी चहाही पाजला. पण नकाशात घळ रंगवून झाली होती. हा म्हणाला, खड्डे वरच्या उघड्या माळावर घ्या, मजुरी तेवढीच द्या. साहेब म्हणाले, माळाला मुरूम आहे, झाडं जगणार नाहीत. झाडांच्या बाबतीत ते बरोबर होते, हे मला मान्य केलं पाहिजे. पण कंडक्टर पटवून घ्यायला गेलाच नव्हता. तो येताना सांगून आला, की मी असेपर्यंत घळीत कोयता चालणार नाही. कुठल्या अधिकारात? असं साहेबांनी विचारलं, तर म्हणे, “रोजचा पाशिंजर हाय मी तिथला.”

गावात मात्र त्याच्यावर राळ उडाली. तुझा पगार महिन्याला येतो, आमची चूल कशी पेटायची, असं बायांनी गाडीतच विचारलं. एकानं तर थेट टोमणा मारला, की बारस आमची, वाघाटी आमची, तुला रे कशाचा पुळका? तुमच्यात कुठं असती बारस? कंडक्टरनं तिकीट फाडून त्या माणसाच्या हातात दिलं आणि म्हणाला, “माझी नसती. पाखराची असती. तुमी एक दिस पारणं करता, त्यांचं रोज हाय.” शेखचाचांनी इतक्या जोरात गिअर टाकला की पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही.

तोडणीचा दिवस नेमका एकादशीचा निघाला. खात्यातल्या कुणाच्या ध्यानातच ते आलं नसावं. रोपांचा ट्रक यायचा होता, आणि घळीकडं जाणारी वाट एकच, जिथं आमची गाडी वळायची. त्या दुपारी आमची गाडी वळताना वाटेत आडवी आली आणि तिथंच बंद पडली. शेखचाचांनी बॉनेट उघडलं, आत बघून हळहळले, पुन्हा बंद केलं आणि टॉवेल पसरला. मला म्हणाले, “दिल का दौरा पड्या सिस्टर, तुम देखो.” ट्रक मागं उभा. तिकडं रोजगार हमीचा मुकादम, हा माणूस, पाखरू नव्हे, कोयते वाटून ‘चला’ म्हणाला, आणि पन्नास बाया घळीत उतरल्या. उतरल्या त्या वाघाटीला भिडल्या. कोयत्यानं नव्हे, हातानं. उद्या बारस, घरी भाजी पाहिजे, मग फळं तोडल्याशिवाय वेल कशी तोडायची? ओट्या भरल्या, पदर भरले, काटे बोचून हात रक्ताळले, भांडणं झाली. मुकादमालाही बायकोनं सांगून ठेवलं होतंच, त्यानं टोपी भरून घेतली. ऊन उतरलं तेव्हा घळीतलं एक पानही खाली पडलेलं नव्हतं. कंडक्टर तोंडाशी उभा राहून प्रत्येकीला बजावत होता, की फळ न्या, पानाला धक्का नको. साहेब जीपमधून आले ते हे बघायला.

त्यांनी कंडक्टरकडं बघितलं आणि जीप वळवायला सांगितली. बोलला तो पुढं कागद. कुठून कुठं चक्रं फिरली ठाऊक नाही, पण पाखरू कंडक्टरची बदली थेट हिमायतनगरच्या बाजूला झाली, नांदेड जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. चाचांनाही विचारणा झाली. त्यांनी म्हणे बॉनेट उघडून दाखवलं आणि इंजिनाकडं बोट केलं.

शेवटच्या दिवशी गाडीत हार-बीर काही नव्हता. दुष्काळात फुलं कुठली? मामा शेळ्यांसकट आले होते. सोजरबाई आपल्या थांब्याला उतरलीच नाही, शेवटपर्यंत बसून राहिली, आणि तोंडानं त्याला शिव्या देत होती, की तुझ्या पायी आमचं काम गेलं. तो ऐकून घेत होता. डोंगरवाडीला उतरल्यावर त्यानं सगळ्यांकडं बघून सांगितलं, “बदली माझी झाली. घळीची न्हाई.” आणि परतीच्या गाडीला डबल बेल दिली. पुढं मला कधीमधी कार्ड यायचं. पैनगंगेच्या काठाला पाखरं लई हायत, माणसं ऐकत न्हाईत, ऐकवून राहिलो. त्याला जाऊनही आता काही वर्षं झाली.

घळ आजही आहे. सुबाभळीचे खड्डे शेवटी वरच्या माळावर खणले गेले. मुरूम फोडताना बाया प्रत्येक घावाला कंडक्टरचा उद्धार करत होत्या. मजुरी कुणाची बुडाली नाही, आणि झाडं साहेब म्हणाले तशी मेली. पण घळ वाचली ती कशी, हे सांगायचं राहिलंच.

त्याच्या बदलीनंतर एक बरा पाऊस झाला, आणि साहेब पुन्हा आले. आता अडवायला कुणी नव्हतं. गाव गोळा झालं, कोयते आले. वाघाटीला कोवळी पानं फुटली होती आणि प्रत्येक पानाच्या कडेला हिरव्या अळ्या लागलेल्या, मन लावून पान कुरतडत. साहेबांनी विचारलं, “आता कुणाची हरकत आहे?” सोजरबाईनं उत्तर ठरवून आणलं होतं. बारशीचं बोलायचं, देवाधर्माचं बोलायचं, वाटेत तिनं ते मला दोनदा म्हणून दाखवलं होतं. तेवढ्यात मुकादमानं तिच्या नाकासमोरच्या वेलीला हात घातला. तिनं त्याचं मनगट धरलं, आणि पाठ केलेलं सगळं विसरून तिच्या तोंडून निघून गेलं:

“थांब की रं मुडद्या. जेवत्याला कुनी उठवतं का?”