अध्यक्षांच्या हातातली पिशवी

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या संघटनेचं अध्यक्षपद कुणालाच नको असे. कामावर असताना कुणी दगावला की त्याची हत्यारांची पिशवी त्याच्या घरी अध्यक्षानंच पोचवायची, अशी रीत होती. यंदाही सगळे माना खाली घालून बसले, तेव्हा थोरल्या मिस्त्रींनी वैतागून हात वर केला. टाळ्या वाजवायला मात्र सगळ्यांचे हात मोकळे होते.

"नसती उठाठेव," बायको म्हणाली. त्यांचा मुलगाही याच कामात होता.

वर्षभरात त्यांनी दोन घरी पिशव्या पोचवल्या. मग एका संध्याकाळी, तुटलेला पट्टा शिवायला म्हणून, ते स्वतःची पिशवी घरी घेऊन आले. बायकोनं दार उघडलं, पिशवी पाहिली आणि मटकन खाली बसली.

"अगं, माझीच आहे," ते म्हणत राहिले. मुलगा घरी येईपर्यंत ती उठली नाही.