दांडी नव्हती, तरी जीप चढली

आधीच सांगते, मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. भूत, करणी, अंगात येणं... असल्या कशावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर आमच्या घरातून देव्हारा गेला, तसा अंगारा-धुपाराही गेला. तरीही हे लिहितेय. कारण गेल्या महिन्यात आमच्या मोटारीची रेस आपोआप वर-खाली व्हायला लागली. वाशीमच्या मेकॅनिकनं सांगितलं, "मॅडम, थ्रॉटल पोझिशन सेन्सर सेट करावा लागते. आता पॅडलपासून इंजिनापर्यंत दांडी नसतेच ना, सगळं वायरनं चालते."

दांडी नसतेच... हे ऐकलं आणि मी गॅरेजातल्या बाकावर बसूनच राहिले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा वाशीम जिल्हा वेगळा झाला नव्हता, आमचं गाव इंझोरी अकोला जिल्ह्यातच होतं. बाबा लष्करात ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन आले ते डिस्पोजलची, म्हणजे लष्करानं लिलावात काढलेली, एक जुनी जीप घेऊनच. मी अकोल्याला बी.एस्सी. करत होते. सुट्टीत घरी आले की बाबा मला जीप चालवायला शिकवायचे. गावात लोक हसायचे – "सुलोचना जीप चालवून राह्यली म्हंते, उद्या इमान चालवीन!" बाबांना त्याचं काहीच वाटत नसे.

त्या वर्षी चैत्रात बाबा झाडावरून पडले आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नेमकी तेव्हाच जीप बिघडली. पॅडलवरचा पाय काढला की कधी इंजिन बंद पडायचं, कधी उगाच भणाणत राहायचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते – त्या काळी पॅडलपासून कार्बोरेटरपर्यंत एक लोखंडी दांडी असायची. पॅडल दाबलं की दांडी सरकायची आणि कार्बोरेटरमधली झडप उघडायची. झडप जेवढी उघडेल तेवढी रेस. पाय काढला की स्प्रिंग ती झडप मिटवायची, आणि एक छोटा स्क्रू ती पूर्ण मिटू द्यायचा नाही, म्हणून इंजिन हळूहळू चालू राहायचं. सगळा खेळ त्या स्क्रूचा आणि दांडीचा.

रामनवमीच्या सकाळी आम्ही दोघं त्याच्याच मागे लागलो होतो. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात, कान बाबांचे.

"घट्ट कर... अजून. हां, आता जरासक सोड. आयकून राह्यली ना?"

"ऐकतेय बाबा, पण पुन्हा खाली चाललंय."

"घाई काहून करतं वं? त्याले दम घेऊ दे."

दुपार व्हायच्या सुमाराला इंजिन कुठं एका लयीत लागलं होतं, तेवढ्यात पाटलीणबाई अंगणात धावत आल्या. आमच्या अंगणात त्यांचं पाऊल कधी पडलं नव्हतं. त्यांची सून सुमन आदल्या संध्याकाळपासून अडली होती. सुईणीनं हात टेकले होते. घरचा ट्रॅक्टर, गावातली बाकीची गाडी-घोडी, सगळं पोहरादेवीच्या यात्रेला गेलेलं. सुमनचा नवराही तिकडेच.

"तुमच्या पाया पडतो, कारंज्याले घेऊन चाला," पाटलीणबाई बाबांना म्हणाल्या. "बैलगाडीत जीव जाईन तिचा."

बाबांनी प्लास्टर दाखवलं. "मी चालवू शकत नाही. सुलू चालवते."

"पोरगी?"

"मंग कोन? बसा लवकर."

मागच्या सीटवर गोधड्या टाकून सुमनला निजवलं. पाटलीणबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. बाबा माझ्या शेजारी. ऊन असं की स्टिअरिंगला हात चिकटत होता. सुमन आधी ओरडत होती. पुढे पुढे तिचा आवाज बसत गेला, आणि ते जास्त भीतीदायक होतं.

गावाबाहेरच्या कोरड्या नाल्यात गाडी उतरली, खडकावर आदळली आणि बंद पडली. धक्क्यानं स्क्रू सैल झाला होता. मी बॉनेट उघडून तो पुन्हा कसला. हे मला स्वच्छ आठवतं, कारण कसताना ती दांडी माझ्या मनगटाला टेकत होती आणि चटका बसत होता. म्हणजे तेव्हा दांडी जागेवर होती.

गाडी सुरू झाली. नाल्याचे शेवटचे धोंडे ओलांडताना खालून काहीतरी खणकलं. मी थांबले नाही. समोर चढ होता – लांबच लांब, मुरमाचा. भरलेल्या बैलगाड्याही तिथं अडायच्या.

"पहिला गिअर. आता रेस सोडू नको," बाबा म्हणाले.

मी पॅडल दाबलं. ते एकदम हलकं लागलं, जणू खाली काहीच नाही. पण इंजिन गरजलं... आणि जीप चढली! मी दाबत होते तशी रेस वाढत होती. सैल सोडलं की उतरत होती. सकाळपासून अडखळणारं ते इंजिन असं एका सुरात चाललं की बाबांनी माझ्याकडे वळून बघितलं. पुढे कारंज्याच्या बाजारातून गर्दीत हळू, मोकळ्या रस्त्यावर जोरात – सगळं माझ्या पायाच्या इशाऱ्यावर.

दवाखान्यात डॉक्टरांनी चिमटा लावून सुमनला मोकळं केलं. मुलगी झाली. आधी ती रडेचना. मग अशी रडली की व्हरांड्यातली माणसं हसायला लागली. सुमन शुद्धीवर होती. पाटलीणबाईंनी माझे दोन्ही हात धरले.

मी बाहेर आले तर बाबा रेडिएटर बघायला बॉनेट उघडून उभे.

"सुलू, दांडी कुठी हाये?"

"कुठली?"

"रेसची दांडी. नाही इथं."

मी वाकून बघितलं. दांडी जिथं अडकायची तो कार्बोरेटरचा खटका मोकळा होता, स्प्रिंगनं मागे ओढलेला. झडप मिटलेली.

"आत बस. इंजिन चालू कर आन् पॅडल दाब." मी दाबलं. "दाबलं?"

"खालपर्यंत दाबलंय बाबा!"

"इथं काहीच हालून नाही राह्यलं."

इंजिन आपलं हळूहळू फुरफुरत होतं. पॅडल दाबून काही उपयोग नव्हता. बाबांनी वाकून गाडीखाली बघितलं, दांडी तिथंही नव्हती. त्यांना घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं, तेव्हाही ते घाबरले नव्हते.

शेवटी दांडीच्या जागी तार बांधून आम्ही गाडी परत आणली. उन्हं उतरली होती. त्या चढाच्या पायथ्याशी, नाल्याच्या काठावर दांडी पडलेली दिसली. टोकाची पकड तुटली होती. म्हणजे दांडी पडली ती चढाच्या आधी.

गावात शिरताना बाबांनी डाव्या हातानं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. यात्रेहून परतलेली माणसं पाटलांच्या दारात गोळा झाली होती. मी उभी राहूनच ओरडले, "मुलगी झाली! दोघी बऱ्या हायेत!" मग काय... कुणी जीपवर गुलाल उधळला, कुणी बाबांना खांद्यावर घ्यायला निघालं, ते प्लास्टर सांभाळत "अरे, हात, हात!" करत राहिले. सुमनचा नवरा गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आला. "ताई, मले नेतं का तिकडं?" त्यानं ट्रॅक्टर काढला नाही, बाबांना विचारलं नाही, मला विचारलं. मी गाडी पुन्हा कारंज्याकडे वळवली.

पाटलीणबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, देवीनं गाडी नेली. मी मान्य केलं नाही. झडप वरतीच अडकली असेल, असंही मनाशी म्हणून पाहिलं... पण मग बाजारात रेस उतरली कशी? स्क्रू जास्त कसला गेला असेल म्हणावं, तर दवाखान्यासमोर इंजिन इतकं शांत कसं? किती मेकॅनिकांना विचारलं. काही हसले, काही म्हणाले, तुमचं पाहण्यात चुकलं असेल. बाबांना विचारलं की ते म्हणायचे, "मले नको इचारू. मी बाजूलेच बसून होतो, मलेही नाही समजलं."

कुणाला उत्तर सापडलं तर मला खरंच हवंय. मला तरी आजवर सापडलेलं नाही. त्या दुपारी मी पॅडल दाबलं होतं आणि जीप चढली होती, एवढं मात्र पक्कं.