कडू लागतंय का?

"कडू लागतंय का?" एका हातानं तुमचं नाक दाबून दुसऱ्या हातानं अडुळशाचा काढा घशात ओतला, की शेजारच्या मावशी हे विचारायच्या. आपण 'थू' केलं की मावशी खूश. "मंग मरत न्हाईस. जा, कामाला लाग."

येडशीतल्या त्यांच्या अंगणाला कुंपणच अडुळशाचं. शेरडं त्याला तोंड लावत नाहीत. मी शाळामास्तर, पोरं मला भितात असा माझा समज आहे. पण माझी शिंक भिंतीपलीकडं गेली की मावशी पेला घेऊन दारात हजर. गूळ मागितला तर म्हणायच्या, "बारसं हाय व्हय रं तुझं?"

एकदा "निवल्यावर पितो" म्हणून पेला ठेवून घेतला आणि मागच्या खिडकीतून ओतून दिला. खाली आमचाच रांजण उघडा होता. घरात जो पाणी पिई, तो थुंकून माझ्याकडं बघे. "ब्येस झालं," मावशी म्हणाल्या, "समद्या घराची छाती मोकळी झाली."

दयामाया त्यांच्या गावी नव्हती. नवऱ्याचं मरणही हसत सांगायच्या. "लई खोकायचे मालक. एक दिस म्हणले, आज काढा ग्वाड लागतोय गं. म्या तवाच सरणाची लाकडं सांगितली."

यंदाच्या थंडीत खोकल्यानं मावशींनाच धरलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी सुनेकरवी निरोप धाडला, "काढा मास्तरला करू दे. लई दिस वाट बघतोय त्यो."

बघतच होतो! मी टोपलीभर पाला ओरबाडला, उकळून उकळून पार काळा केला. थेंबभर चाखला तर डोळ्यांत पाणी. तमाशा बघायला गल्ली दारात जमली. मी नाक दाबायला गेलो, तर मावशींनी माझा हात झटकला आणि अर्धा पेला एका दमात रिचवला.

"कडू लागतंय का?" मी त्यांच्याच आवाजात विचारलं. गल्ली खदखदली.

मावशींनी ओठ चाटले. पुन्हा चाटले.

"गूळ टाकलास व्हय रं मास्तर?"

दारातलं हसू थांबलं. सुनेनं पदर तोंडाला लावला.

"व्हय मावशी," मी म्हणालो. "तुमच्यासाठी म्हणून टाकला."

मावशींनी उरलेला पेला माझ्यापुढं धरला. "ग्वाड हाय न्हवं? मंग पी."

तोंड वाकडं करायचं नाही, असं ठरवून मी घोट घेतला. जन्मात एवढं एकच काम नीट करायचं होतं. गिळायच्या आत 'थू' झालंच.

मावशी खूश.

"मंग तू मरत न्हाईस," त्या म्हणाल्या आणि सुनेकडं वळल्या. "ए, लाकडं सांग."